घरच्या बिअरला येणारा औषधी वास : दोष नेमका कुठे आहे?

वॉर्टवाला

नमस्कार. मी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका लहान शहरात राहतो आणि गेली तीन वर्षे घरी बिअर करतो. १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांची सही झालेल्या कायद्यामुळे इथे एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलनपर्यंत बिअर स्वतःच्या वापरासाठी करता येते, त्यामुळे परवान्याचा प्रश्न येत नाही. प्रश्न आहे तो वासाचा.

सुरुवातीच्या पंधरा-सोळा बॅचेस चांगल्या झाल्या. गेल्या मार्चमध्ये आम्ही घर बदलले, महिनाभर सगळे सामान खोक्यांत होते आणि त्यानंतर केलेल्या तिन्ही पेल एलना (फिकट रंगाच्या एका प्रकारच्या बिअरना) एक विचित्र वास येतो. बिअरच्या दोषांच्या इंग्रजी तक्त्यांत 'लवंग', 'धूर', 'बँडेज' असे शब्द एकाच रकान्यात दिलेले असतात आणि मी त्यांतल्या लवंगेवर बोट ठेवून जंगली यीस्टचा संसर्ग झाला असे मानले. दुसऱ्या बॅचनंतर सगळ्या नळ्या बदलल्या, प्लॅस्टिकचा फर्मेंटर टाकून नवा आणला, तरीही तिसऱ्या बॅचला तोच वास आला आणि ती १९ लिटर बिअर मी मोरीत ओतली.

मोजमापे अशी आहेत : सुरुवातीची घनता (पाण्याच्या तुलनेत, यीस्ट साखर खाते तशी ती उतरते) १.०४८, शेवटची १.०१०. यीस्ट यूएस-०५. तापमान १८ ते १९ अंश सेल्सिअस. पहिल्या बॅचला भांडी ब्लीचने धुतली होती, पुढच्या दोन्हींना स्टार सॅन हे जंतुनाशक वापरले.

याखेरीज डिसेंबरमध्ये बाटलीबंद पाणी आणून एक लागर (थंडीत आंबवलेली बिअर) केली. बाटल्या भरताना ती अगदी स्वच्छ लागत होती, पण तीन आठवड्यांनी उघडली तेव्हा तिला लोण्याचा वास होता. दोन्ही दोष एकाच संसर्गाचे आहेत का?

एक गोष्ट सांगावी की नाही या विचारात होतो. उन्हाळ्यात आई साताऱ्याहून आली होती. तिने पेला तोंडाला लावला नाही, नुसता नाकाशी धरला आणि म्हणाली, "अरे, हे तर डेटॉल आहे. तुझा गुडघा फुटला की वाटीत पाणी घेऊन कालवायचे, तोच वास." तेव्हा मी ते मनावर घेतले नाही.

टेम्सकाठ

दोन्ही दोष एकाच मुळाचे आहेत असे आधीच धरून चालू नका, कारण तसे धरले की दोन्हींचा माग हरवतो. मी लंडनमध्ये बारा वर्षे बिअर करतो आहे आणि माझा अनुभव असा की वासाचे नाव काय, यापेक्षा तो पहिल्यांदा कधी आला आणि त्यानंतर वाढला, कमी झाला की तसाच राहिला, या उत्तरांतून अधिक कळते. म्हणून तीन गोष्टी विचारतो. औषधी वास बाटलीत भरण्याआधी होता का? जुन्या बाटल्या उघडताना फेस उसळून बाहेर येतो का? आणि तुम्ही बिअर फ्रिजमधून काढल्या काढल्या चाखता की थोडी कोमट होऊ देता? बर्फासारख्या थंड बिअरमध्ये निम्मे दोष झाकले जातात. पेल्यावर बशी ठेवून ती १२ ते १५ अंशांपर्यंत येऊ द्या, बशी काढा, एकदोनदा छोटा श्वास घ्या आणि थांबा. सतत हुंगत राहिल्याने नाक त्या वासाला सरावते आणि मग काहीच कळेनासे होते.

वॉर्टवाला

वास बाटलीत भरण्याआधीच होता. पहिल्या बॅचच्या चार बाटल्या अजून शिल्लक आहेत. काल एक उघडली, फेस नेहमीसारखाच होता. घनता पुन्हा मोजली, आठ महिन्यांनंतरही १.०१० आहे. वास जसा होता तसाच आहे.

काचपात्र

तुमच्या आईंनी दोषाचे नाव अचूक सांगितले आहे आणि ते केवळ उपमा म्हणून नव्हे. डेटॉलमधला जंतुनाशक घटक क्लोरोझायलेनॉल हा आहे, म्हणजे क्लोरीन जोडलेले एक फिनॉल. तुमच्या बिअरमध्ये जे आहे ते त्याच कुळातले क्लोरोफिनॉल असण्याची दाट शक्यता आहे. माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) टरफलांतून आणि काही प्रमाणात यीस्टकडून बिअरमध्ये निरनिराळी फिनॉले येतच असतात. पाण्यात जंतू मारण्यासाठी घातलेले क्लोरीन किंवा क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) असेल तर ते या फिनॉलांना चिकटते आणि अब्जात मोजके भाग इतक्या अल्प प्रमाणातही नाकाला जाणवणारे संयुग तयार होते. अमेरिकी माणसाला त्यावरून जखमेवरची चिकटपट्टी आठवते. आपल्या घरांतून वाढलेल्या माणसाला डेटॉल आठवते आणि या एका वासाच्या बाबतीत आपली आठवण रसायनशास्त्राच्या अधिक जवळ आहे असे मी म्हणेन. मी तीस वर्षे प्रयोगशाळेत काढली, तिथे वास नोंदवताना तक्त्यातला शब्द शोधू नका, स्वतःच्या घरातली वस्तू सांगा, असे नव्या मुलांना मी आवर्जून सांगत असे. साताऱ्यात वाढलेल्या नाकाला जे पटकन आठवते ते पुसून टाकून त्याजागी उसना शब्द बसवला की निदान चुकते, आणि तुमच्या बाबतीत नेमके तेच झाले.

आता जंगली यीस्ट का नाही, ते सांगतो. जंगली यीस्टही फिनॉली वास देते, पण त्यातली अनेक वाणे साध्या यीस्टला न पचणारी साखर खात राहतात. त्यामुळे घनता हळूहळू उतरत जाते, बाटलीत वायू वाढतो, झाकण उघडताच बिअर उसळते आणि चव पातळ होत जाते. तुमची घनता आठ महिने १.०१० वर थांबलेली आहे. शिवाय यूएस-०५ हे लवंगेचा वास न देणारे यीस्ट आहे. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला जी लवंग येते ती माल्टमधल्या फेरुलिक आम्लापासून यीस्टने मुद्दाम घडवलेली असते आणि ते करणारे जनुक तुमच्या यीस्टमध्ये कार्यरत नसते. संसर्ग नाही आणि यीस्टही ते करत नाही, मग उरते काय? पहिल्या बॅचला ब्लीच होते, पुढच्या दोन्हींना नव्हते, म्हणून ब्लीचही एकटे दोषी ठरत नाही. तिन्ही बॅचेसमध्ये समान असलेली आणि आधीच्या पंधरांत नसलेली एकच गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिली आहे : घर बदलले. म्हणजे नळ बदलला.

नव्या गावाचा पाणीपुरवठा विभाग क्लोरामाइन वापरतो का, ते विचारा. नळ्यांतून लांबवर टिकून राहते म्हणून अनेक ठिकाणी क्लोरीनऐवजी ते वापरतात. साधे क्लोरीन रात्रभर उघड्या भांड्यात ठेवले किंवा पाणी उकळले तर उडून जाते. क्लोरामाइन तसे सहज जात नाही. मत्स्यालय बाळगणाऱ्या शेजाऱ्याला विचारलेत तरी उत्तर मिळेल, कारण त्याचे मासे या एका गोष्टीवर जगतात किंवा मरतात.

उपाय स्वस्त आहे. मेटाबायसल्फाइटची कॅम्पडेन नावाची गोळी मिळते, तिची एक गोळी सुमारे ७५ लिटर पाण्याला पुरते. माल्ट भिजवण्याआधी, एकूण पाण्याला, चुरून घाला आणि ढवळा. काही मिनिटांत काम होते. पण नुसती गोळी घालून पुढची बॅच करू नका. एकाच दिवशी, एकाच माल्टच्या दोन लहान बॅचेस करा, एकीच्या पाण्यात गोळी, दुसरीच्या नाही, बाकी सगळे तंतोतंत सारखे. तुम्ही नळ्या आणि फर्मेंटर एकदम बदललेत. वास गेला असता तरी तो कशाने गेला हे तुम्हाला कधीच कळले नसते.

तांबडी_वाटी

लागरविषयी मी लिहितो. मी पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत काम करतो आणि हा लोण्याचा वास आमचा रोजचा विषय आहे.

याचे कारण डायअसिटिल. लिटरला साधारण ०.१ मिलिग्रॅम इतके असले तरी हलक्या लागरमध्ये ते कळते. पण यीस्ट थेट डायअसिटिल सोडत नाही आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. यीस्ट स्वतःसाठी व्हॅलिन हे अमिनो आम्ल बनवत असताना अल्फा-असिटोलॅक्टेट नावाचा एक मधला पदार्थ पेशीतून बाहेर झिरपतो. या पदार्थाला वास नाही. तो बाहेर बिअरमध्ये आपोआप, यीस्टच्या मदतीशिवाय, सावकाश डायअसिटिलमध्ये बदलतो. थंडीत फार सावकाश, उबेत लवकर. तयार झालेले डायअसिटिल मग यीस्टच परत आत घेते आणि ज्याचा वास जवळजवळ लागत नाही अशा पदार्थात त्याचे रूपांतर करते. म्हणजे यीस्ट स्वतः केलेला पसारा स्वतःच आवरते, पण त्यासाठी ते जागे आणि भरपूर असावे लागते. तुम्ही आवरून होण्याआधी बिअर थंड केली असणार. बाटली भरताना वास नव्हता, कारण तेव्हा तो बिनवासाच्या रूपात दडलेला होता. पुढच्या तीन आठवड्यांत तो उघडा पडला.

किती यीस्ट घातले होते आणि तापमान काय ठेवले होते?

वॉर्टवाला

११.५ ग्रॅमचे एक पाकीट, १९ लिटरला. ११ अंशांवर तीन आठवडे, मग थेट २ अंश.

तांबडी_वाटी

मग दोन्ही गोष्टी जुळतात. सुक्या लागर यीस्टचे प्रमाण शंभर लिटरला ८० ते १२० ग्रॅम असे धरतात, म्हणजे १९ लिटरला १५ ते २३ ग्रॅम, आणि ११ अंशांसारख्या थंडीत त्याहूनही सढळ हात बरा. एका पाकिटावर यीस्टला आधी स्वतःची संख्या वाढवावी लागली. वाढताना हा मधला पदार्थ जास्त झिरपतो. त्यानंतर तुम्ही त्याला २ अंशांवर झोपवले.

पुढच्या वेळी शेवटच्या घनतेला चारपाच अंक (म्हणजे ०.००४-०.००५) उरले की तापमान १६ ते १८ अंशांपर्यंत चढू द्या आणि दोनतीन दिवस तिथे ठेवा. मात्र दिवस मोजून थंड करू नका, परीक्षा घेऊन करा. आम्ही ती प्रत्येक टाकीची घेतो आणि घरी तिला दोन काचेच्या बरण्यांपलीकडे काही लागत नाही. दोन्हींत थोडी थोडी बिअर घ्या, झाकणे लावा, एक बरणी ६० ते ६५ अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, दुसरी ओट्यावर. मग दोन्ही सारख्या तापमानाला आणा आणि उघडून हुंगा. गरम केलेलीतच लोणी आले तर दडलेला साठा अजून शिल्लक आहे, थांबा. दोन्हींत आले तर यीस्टचे आवरणे चालू आहे, थांबा. कुठेच आले नाही तर खुशाल थंड करा. माझ्या पहिल्या वर्षी मी एकदा ही परीक्षा न घेता टाकी थंड केली. पंधरा दिवसांनी नळाला लोण्याची बिअर आली आणि ती सगळी सोडून द्यावी लागली. त्या दिवशी ड्रेनपाशी उभा राहून जे वाटले ते मी विसरलेलो नाही.

एक सावधगिरी. लोण्याबरोबर आंबटपणा असेल आणि दोन्ही दिवसेंदिवस वाढत असतील तर ते पेडिओकोकस जंतूचे काम असते आणि त्याला उबेचा उपाय नाही. तुमची लागर आंबट आहे का?

वॉर्टवाला

अजिबात नाही.

तांबडी_वाटी

मग ओतून देऊ नका. बाटल्यांत जिवंत यीस्ट आहे. खोलीत २० अंशांवर दोनतीन आठवडे ठेवून बघा.

नाशिकची_वाचक

मी बिअर करत नाही, पण धागा पहिल्यापासून वाचते आहे. दोन प्रश्न आहेत. महाराष्ट्रात घरी अशी बिअर करता येते का? आणि पुण्यात मी प्यायलेली एक बिअर नेहमीपेक्षा जास्त कडू वाटली, पण ती कडू होती की काही वेगळे होते हे मला सांगता येईना. जीभ कोरडी पडली होती.

तांबडी_वाटी

पहिल्याचे उत्तर नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि घरगुती वापरासाठी त्यात सूट नाही. आम्ही करतो ते उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याखाली.

दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. जीभ कोरडी पडली असेल तर ते कडू नव्हे, तुरट. आपल्याकडे हा शब्द रोजच्या वापरातला आहे, कारण आवळा, जांभूळ, सुपारी, कच्चे केळे यांतून लहानपणीच त्याची ओळख होते. षड्रसांत कषाय म्हणून त्याला स्वतंत्र जागा आहे. कडूपणा हॉप्स या वेलीच्या फुलांमधून येतो आणि जिभेवर, विशेषतः मागच्या बाजूला, रेंगाळतो. तुरटपणा ही चव कमी आणि स्पर्श जास्त : गालांच्या आतली त्वचा आवळल्यासारखी होते, दातांवरून जीभ फिरवली तर खरखरीत लागते. तो माल्टच्या टरफलांतल्या टॅनिनमधून उतरतो, मुख्यतः माल्ट धुताना पाणी सुमारे ७७ अंशांहून गरम असेल आणि त्याच वेळी शेवटच्या पातळ रसाचा सामू ६ च्या वर गेला असेल तर. चहा फार वेळ उकळला की जे होते तेच. कडू म्हणून हॉप्स कमी करत बसणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांचा तुरटपणा तसाच राहतो आणि बिअर मात्र बेचव होते.

टेम्सकाठ

याच धर्तीवर माझी एक चूक सांगतो. माझ्या दोन बॅचेसना उकडलेल्या मक्याचा, झाकण ठेवून शिजवलेल्या कोबीचा वास होता. मी त्याला 'लोण्यासारखा' म्हणत राहिलो, कारण सिनेमागृहात मका आणि लोणी एकत्रच भेटतात. वर सांगितलेली उबेची विश्रांती दिली, काही फरक पडला नाही. पडणारही नव्हता. तो डायमिथिल सल्फाइड होता. फिकट पिल्सनर माल्टमध्ये त्याचा पूर्वज असतो, उकळताना तो फुटून हा वायू सुटतो आणि वाफेबरोबर निघून जातो. माझ्या फ्लॅटच्या भिंती ओलसर होतात म्हणून मी पातेल्यावर अर्धे झाकण ठेवत होतो, आणि निघालेली वाफ झाकणावर थंड होऊन थेंबाथेंबाने परत आत पडत होती. झाकण काढले, तासाऐवजी दीड तास उकळले, नंतर वॉर्ट (न आंबलेला माल्टचा रस) झटपट थंड केला. वास गेला. पूर्वज उकळीच्या तापमानाला सुमारे चाळीस मिनिटांत निम्मा होतो, त्यामुळे हा अर्धा तास वाया जात नाही.

वॉर्टवाला

सात आठवड्यांनी लिहितो आहे. उशिराबद्दल क्षमस्व, पण निकाल हातात आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

पाणीपुरवठा विभागाला फोन केला. या गावात क्लोरामाइनच वापरतात, जुन्या गावात क्लोरीन होते आणि तिथे मी पाणी आदल्या रात्री भरून ठेवत असे. इथे आल्यावरही तीच सवय चालू होती, म्हणून पाण्यावर कधी संशयच आला नाही.

काचपात्र यांनी सांगितल्याप्रमाणे आठ-आठ लिटरच्या दोन बॅचेस केल्या. एकीच्या पाण्यात पाव गोळी, दुसरीत काही नाही. चाखण्यासाठी तीन पेले मांडले, दोन सारखे, एक वेगळा. कोणता कुठे आहे हे फक्त पत्नीला माहीत होते आणि पेले देऊन ती दुसऱ्या खोलीत गेली. मी आणि चार मित्र, असे पाच जण बसलो. नुसत्या अंदाजाने तिनातला वेगळा पेला सापडण्याची शक्यता एक तृतीयांश असते आणि पाचांपैकी किमान चौघांना तो योगायोगाने सापडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी. आम्हा चौघांना सापडला. पाचव्या मित्राला तिन्ही पेले सारखेच वाटले. त्याला घरातही डेटॉलचा वास फारसा येत नाही असे त्याच्या पत्नीने सांगितले. तो आमच्या गटात सगळ्यात जास्त बिअर केलेला माणूस आहे आणि माझी पहिली सदोष बॅच त्यानेच 'उत्तम' म्हणून पसंत केली होती.

गोळी घातलेली बिअर स्वच्छ आहे. माल्टची गोडी आणि हॉप्सचा संत्र्याच्या सालीसारखा वास इतक्या महिन्यांनी पुन्हा भेटला. सदोष बिअरमधून क्लोरोफिनॉल काढता येत नाही हे वाचले, त्यामुळे ती बॅच गेलीच.

लागरच्या बाटल्या २० अंशांवर ठेवल्या होत्या. दहाव्या दिवशी लोणी कमी झाले होते, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मला लागले नाही. बरण्यांची परीक्षा नव्या लागरवर घेतली : पहिल्या दिवशी गरम बरणीला स्पष्ट लोणी, ओट्यावरचीला काही नाही. चौथ्या दिवशी दोन्ही सारख्या. त्यानंतरच थंड केली.

काचपात्र

मनापासून आनंद झाला. एक विनंती आहे. बिनगोळीच्या बॅचमधल्या दोनतीन बाटल्या चिठ्ठी लावून, अंधारात, थंड जागी जपून ठेवा. प्रकाशात ठेवल्या तर हॉप्समधल्या कडू आम्लांपासून स्कंकच्या वासाचे संयुग तयार होईल आणि नमुना बिघडेल. तपकिरी काच त्याला बरीच अडवते, हिरवी फारशी नाही. नेमका हा दोष, याच प्रमाणात, पुन्हा मुद्दाम तयार करणे अवघड असते, आणि तुमच्या ओळखीत कोणी नव्याने बिअर करू लागले तर त्याला वर्णन सांगण्याऐवजी पेला देता येईल.

वॉर्टवाला

चार बाटल्या तळघरातल्या फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवल्या आहेत. चिठ्ठीवर तारीख, 'पाणी : गोळी नाही' आणि खाली आईचा शब्द लिहिला आहे.